रोलिंग शटर

"टकटक करून जा गं," आई स्वयंपाकघरातून म्हणाल्या. "काम चालू असतं त्याचं."

एका हातात चहा, कमरेवर रेवू. टकटक करायला तिसरा हात कुठून आणायचा? मी पायानं दार लोटलं. ते नेहमीसारखं कुरकुरलं आणि हेरंबच्या स्क्रीनवर वरच्या काठातून काळी खिडकी सरसर खाली उतरली. स्क्रीन पूर्ण झाकला गेला. तिच्यात अक्षरांच्या ओळी पळायला लागल्या.

"ठेव तिथं," तो न वळता म्हणाला.

"दोन मिनिटं बोलायचंय."

"वृंदा, इथं मान वर करता येत नाहीये मला."

"निगडे मॅडमचा फोन आला होता."

तेव्हा त्यानं खुर्ची फिरवली. निगडे मॅडम म्हणजे साताऱ्यातल्या ज्या कॉलेजात मी रेवूच्या आधी शिकवत होते, तिथल्या कॉम्प्युटर विभागाच्या प्रमुख. मी तिथं तासिका तत्त्वावर होते. तास घेतला तर त्या तासापुरत्या मॅडम, घंटा झाली की कुणी नाही. मे महिन्यात तर आम्ही संस्थेच्या लेखी जन्मलेलोच नसायचो.

"लॅबची जागा निघालीये," मी म्हणाले. "पूर्ण वेळ. कायमची. त्यांनी आधी मला विचारलंय. शनिवारी संस्थेची मीटिंग आहे, त्याआधी हो की नाही कळव म्हणाल्या."

रेवू त्याच्याकडे झेपावली. त्यानं तिच्या मुठीत आपलं बोट दिलं.

"चांगलं आहे," तो म्हणाला. "पण हिचं काय?"

"सकाळचं सत्र आहे. दुपारी मी घरी. तेवढा वेळ आई आहेत, आणि तू घरातच असतोस..."

"घरात असतो म्हणजे मोकळा असतो का मी?" आवाज चढला नव्हता. उलट थकल्यासारखा उतरला होता. "पुढचे सहा महिने हे असंच चालणार आहे." त्यानं मागं न बघता अंगठा स्क्रीनकडे केला. ओळी पळतच होत्या. "आईच्या गुडघ्यांवर हिला टाकणार? परवा वाफ कुणी दिली? तुझ्याशिवाय मास्क लावू देते ती कुणाला?"

रेवू कमी दिवसांची. जन्मल्यावर पहिले काही आठवडे काचेच्या पेटीत होती, आणि घरी आली ती नाजूक छाती घेऊनच. गार वारा सुटला की तिच्या छातीत शिट्टी वाजायची. मी कुणाशीही बोलत असले तरी माझा तळहात तिच्या पाठीवर असायचा आणि लक्ष श्वासाकडे. बरगड्यांच्या खाली खळगा पडतोय का, नाकपुड्या फुलतायत का. भाजी चिरताना मध्येच सुरी ठेवून मी पाळण्याशी जाऊन यायचे. अशा बाईला 'वाफ कुणी दिली' एवढंच विचारलं तरी पुरतं.

"विचार कर," हेरंब म्हणाला. "निर्णय तुझाच आहे."

आणि त्यानं खुर्ची परत फिरवली.

या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. रेवू माझ्या खांद्याला लागते. पण कुठं दार कुरकुरलं की मला अजून तो स्क्रीन दिसतो, वरून उतरणारा काळोख दिसतो. त्यात गंमत अशी, की ती खिडकी त्याच्या मशीनवर बसवली होती मीच.

हेरंब माझा विद्यार्थी. माझ्याहून वयानं वर्षभर मोठा, पण विद्यार्थी. कॉलेजात संध्याकाळी लिनक्सचा एक छोटा कोर्स चालायचा, तो मी घ्यायचे. तो पोवई नाक्यावरच्या एका मोबाइल दुकानात काम करायचा आणि शटर ओढून धावतपळत वर्गात यायचा. लिनक्समधलं टर्मिनल म्हणजे चित्रं नाहीत, बटणं नाहीत. काळ्या पाटीवर हुकूम लिहायचा आणि मशीननं तो पाळायचा. हेरंबला ते मनापासून आवडायचं. पण दर वेळी टर्मिनल उघडायला तो माउस धरून इकडे शोध, तिकडे शोध करायचा.

"अहो, हाक मारली की हजर झालं पाहिजे ते," मी त्याला म्हणाले होते. "शोधायला गेलात की हातातला विचार सुटतो."

मग मी त्याच्याच मशीनवर करून दाखवलं. वरच्या रांगेतली एफ-बारा ही कळ दाबली की टर्मिनल वरून घसरत खाली येणार, पुन्हा दाबली की वर जाणार. मागं जे काही उघडं असेल ते तसंच राहणार, फक्त झाकलं जाणार. किती वेगानं यावं, किती काळं असावं, सगळं मी लावून दिलं.

"मॅडम, हे तर रोलिंग शटर!" तो म्हणाला, आणि सगळा वर्ग हसला.

त्या वर्गात पहिला सराव म्हणून मी एक खेळणं द्यायचे. आपल्या मशीनवर जे जे आहे त्याची नावं जरा थांबत थांबत ओळीनं दाखवत राहायची, संपली की पुन्हा पहिल्यापासून. कामाचं काही नाही त्यात. पण नव्या पोरांना ओळी पळताना बघून उत्साह येतो. मी म्हणायचे, "घरी दाखवा चालवून. घरच्यांना वाटेल, पोरगं केवढं मोठं काम करतंय."

लग्नानंतर त्याला पुण्यातल्या एका कंपनीत अमेरिकेतले सर्व्हर सांभाळायची नोकरी लागली. घरातूनच करायची. पहिल्याच वर्षी एकदा त्यानं आपल्या मशीनवरचं काहीतरी पुसायचा हुकूम दिला, आणि तो गेला कंपनीच्या सर्व्हरवर. दोन्हीकडे तेच टर्मिनल, तेच काळं. आपण कुठल्या घरात उभे आहोत तेच कळलं नाही. सगळ्याची दुसरी प्रत होती म्हणून निभावलं. पण त्या दिवशी त्यानं भरलेलं ताट तसंच ठेवलं. मी उठले आणि त्याच्या मशीनवर चार ओळी लिहून ठेवल्या. कंपनीच्या सर्व्हरला जोडलं की सगळी अक्षरं तांबडी होणार. आपल्याच मशीनवर असलो की हिरवी.

"घरचं हिरवं, परकं तांबडं," मी म्हणाले. "तांबडं दिसलं की हात आखडायचा."

"उपकार झाले, मॅडम."

लग्नानंतरही तो मला गमतीनं मॅडम म्हणायचा. ते कधी थांबलं, आठवत नाही. बहुधा रेवूच्या आसपास. माझंही लक्ष नव्हतं.

शुक्रवारी मी आईंशी बोलले. त्या वाटाणे सोलत होत्या, मी रेवूला मांडीवर घेऊन मऊ भात भरवत होते.

"मी नाही म्हणत नाही हो," त्या म्हणाल्या. "शिकलेली आहेस, हाताला काम पाहिजे. पण माझे हे गुडघे बघतेसच. रांगतं पोर कोचाखाली गेलं तर मी वाकायची कशी? आणि हेरंबच्या डोक्याला ताप नको गं. मिळवता माणूस तो. दिवसभर त्या काळ्या पडद्यासमोर डोळे फोडतो."

"फक्त सकाळचंच आहे, आई."

"सकाळीच तर त्याची अमेरिका जोरात असते."

मग त्यांनी विषय बदलला. शनिवारी कोरेगावहून बापूमामा यायचे होते, डोळे दाखवायला. बापूमामा म्हणजे आईंचे मामेभाऊ. रेवूच्या वाढदिवसाला चार माणसांत त्यांनी हेरंबला विचारलं होतं, "घरात बसून कसली रं नोकरी? कोंबडी बसती तशी?" सगळे हसले होते, हेरंबसुद्धा. आई मात्र ते विसरल्या नव्हत्या.

"ह्या वेळी त्याला खोलीत नेऊन दाखवते," त्या म्हणाल्या. "म्हणावं, बघ कोंबडी काय काय करते."

संध्याकाळी रेवूची छाती वाजायला लागली. मी वाफेचं मशीन लावलं. ती मास्क ओढून काढत होती, मी तो परत धरत होते. तिचं तोंड लाल झालं, माझं अंग घामानं भिजलं. हेरंब दारात येऊन उभा राहिला. त्यानं काही बोलायची गरजच नव्हती. मीच मनात म्हणाले, बघ, आणि तू निघालीयेस लॅब सांभाळायला.

शनिवारी सकाळी मी फोन केला.

"नीट विचार केलास ना, वृंदा?" निगडे मॅडम म्हणाल्या. "अशी जागा पुन्हा निघेल असं मला तरी दिसत नाही. मीही आता फार दिवस नाही इथं."

"केला मॅडम. बाळाची छाती फार नाजूक आहे."

"घरात कुणी नाही का तेवढ्या वेळापुरतं?"

"आहेत. पण सासूबाईंचे गुडघे... आणि ह्यांचं काम सध्या जोरात आहे."

"हं," त्या म्हणाल्या. "तू पोरांच्या मागं उभी राहून शिकवायचीस ते मला आवडायचं. बरं. काळजी घे."

फोन ठेवला. मला रडू येईल असं वाटलं होतं, पण आलं नाही. रेवूच्या पाठीवर हात ठेवला. श्वास नीट चालला होता. चला, मी स्वतःला म्हणाले, ह्याच्यासाठीच केलं ना.

बापूमामा आले ते वाघ्या घेवड्याची पिशवी आणि आपला मोठा आवाज घेऊन. चहा व्हायच्या आधीच आईंनी त्यांना उठवलं.

"चल, तुला हेरंबचं ऑफिस दाखवते."

"तिकीट काढायला लागतंय का?"

"चल रे गुमान."

आईंनी दार लोटलं. ते कुरकुरलं. मी शेवटी आत शिरले. खोली केवढीशी, हेरंबच्या खुर्चीमागं मामा, त्यांच्या शेजारी आई. मला पुढं जायला जागाच उरली नव्हती, म्हणून रेवूला खांद्यावर टाकून मी मागं कपाटाला टेकून उभी राहिले.

लॅबमध्ये शिकवणारी बाई पुढं उभी राहत नाही. पुढून फक्त चेहरे दिसतात. स्क्रीन दिसतात मागून. मी वर्षानुवर्षं तशी मागं उभी राहून माणसांच्या डोक्यांवरून वाचलेलं होतं. पण ह्या खोलीत मी रोज चहा घेऊन त्याच्या बाजूला जायचे, त्याच्या चेहऱ्याकडे बघायचे, रेवूच्या बरगड्यांकडे बघायचे आणि बाहेर पडायचे.

"हे काय पळतंय सगळं?" मामा वाकून म्हणाले.

"सर्व्हरचे लॉग आहेत, मामा. नोंदी असतात. तिकडं काय बिघडलं की इथं दिसतं."

"तिकडं म्हंजे कुठं?"

"अमेरिकेत."

"म्हंजे ते झोपल्यावर तू जागं राहायचं. रखवालदारच म्हण की!"

"रखवालदार काय रे? साहेब आहे तो," आई म्हणाल्या. "बघ की, ही एवढी हिरवी अक्षरं नुसती धावतायत. तुझ्या-माझ्या डोळ्यांना धुकं. आमच्या हेरंबला सगळं वाचता येतं."

हिरवी.

मला पहिल्यांदा वाटलं, ह्यानं रंग बदलले असतील. माणूस बदलतो. तांबड्यानं डोळे दुखत असतील. मग मी वाचायला लागले.

ओळी वेगानं पळत नव्हत्या. जरा थांबत थांबत येत होत्या. प्रत्येक ओळ म्हणजे एक नाव. आमच्या लाइट बिलाची प्रत. आमच्या लग्नाच्या आमंत्रणाचा मजकूर. हेरंबच्या बायोडाटाच्या खूप साऱ्या प्रती, एकापाठोपाठ एक. मग फोटो सुरू झाले. त्या फोटोंना नावं मीच दिली होती, रेवू झोपल्यावर शेजारी बसून, एकेक. इंग्रजी अक्षरांत, पण मराठीतच. रेवा-पेटीतून-बाहेर. रेवा-पहिल्यांदा-घरी. रेवा-बारसं. रेवा-उष्टावण. रेवा-पहिला-दात.

मामा डोळे बारीक करून माझ्या मुलीचं उष्टावण वाचत होते, अमेरिका म्हणून.

"सूनबाई," त्यांनी मान वळवली, "तुला कळतंय का ह्यातलं काय?"

मी तोंड उघडायच्या आत आई म्हणाल्या, "तिला कुठलं? ती आपली रेवूत."

आणि हेरंब हसला. खुर्ची अर्धी फिरवून, मामांकडे बघून, आईकडे बघून, आणि माझ्याकडे बघून. तसाच, सगळ्यांकडे बघून एकच हसू. मी त्याच्या डोळ्यांत भीती शोधली. एखादी दचक, एखादी विनवणी, काहीतरी. नव्हती. तो माझ्याकडे आईकडे बघावं तसा निश्चिंत बघत होता.

"बरं, कर बाबा तुझं काम," मामा म्हणाले. "कोंबडीचा शब्द मागं घेतला."

आईंचा चेहरा असा उजळला, की बघवत नव्हतं. दोघं चहाला बाहेर गेले. मामांचा आवाज बैठकीच्या खोलीतून यायला लागला. मी दार ओढून घेतलं.

हेरंबनं एफ-बारा दाबली. खिडकी वर गेली. मला वाटलं होतं, खाली काहीतरी असेल. सिनेमा असेल, पत्त्यांचा खेळ असेल. कुणा बाईशी बोलणं असेल असंही एखाद-दोन वेळा मनात येऊन गेलं होतं, खोटं कशाला बोलू. खाली काहीच नव्हतं. निळा, रिकामा स्क्रीन. तो रोज सकाळी आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून, ह्या रिकाम्या निळ्यासमोर बसत होता.

"अक्षरं हिरवी आहेत, हेरंब," मी म्हणाले.

"काय?"

"अक्षरं. हिरवी आहेत."

तो माझ्याकडे बघत राहिला. मग स्क्रीनकडे. मग पुन्हा माझ्याकडे. त्याला कळायला केवढा वेळ लागला!

"कधीपासून?" मी विचारलं.

"दिवाळीच्या आधी. सगळी टीम काढली. बोलायला म्हणून एकत्र बोलावलं आणि बोलणं संपायच्या आत पासवर्ड बंद केले."

दिवाळी होऊन संक्रांतसुद्धा गेली होती. आईंनी दारात येणाऱ्या प्रत्येकाला तिळगुळाबरोबर मुलाची नोकरी वाटली होती.

"मग रोज काय करतोस इथं?"

"अर्ज करायचो."

"आणि आता?"

"आता बसतो."

"घर कशावर चाललंय?"

"पीएफ काढला." तो माझ्या नजरेला नजर देत नव्हता. "सांगणारच होतो. दुसरी लागली की सांगणार होतो. मग आईनं आख्ख्या कोरेगावात... आणि रेवूचं ते दवाखान्याचं. तू तशीच अर्धी झाली होतीस."

"गुरुवारी तू मला म्हणालास, मान वर करता येत नाही."

त्यानं माउस उगाच जरा सरकवला.

"सहा महिने असंच चालणार म्हणालास. वाफ कुणी दिली म्हणालास."

"तू गेली असतीस तर रेवू सकाळची माझ्याकडे आली असती, वृंदा. ती मला बसू देते का इथं? दार लावलं की रडते. दोन दिवसांत आईच्या लक्षात आलं असतं, की ह्याला काही काम नाही."

"म्हणून."

"म्हणून नाही, पण..."

"मी सकाळी नाही म्हणून कळवलं."

त्यानं खट्कन मान वर केली. "मग परत कर ना फोन! आत्ता कर. सांग, घरात बोलणं झालं, जमतंय. मी बघतो रेवूला. खरंच बघतो. आईला मी सांगतो." त्याच्या चेहऱ्यावर एकदम पूर्वीचा, शटर ओढून धावत येणारा मुलगा दिसला. "कर ना, वृंदा. तुझी नोकरी असली तर निदान..."

मी फोन लावला. तिथंच, त्याच्यासमोर. रेवू माझ्या खांद्यावर डोकं ठेवून माझ्या कानातल्याशी खेळत होती.

"अगं, आत्ताच उरकली मीटिंग," निगडे मॅडम म्हणाल्या. "कराडच्या एका मुलीचं नाव गेलं. सगळ्यांनी मान्य केलं. सकाळी हो म्हणाली असतीस तर... काय झालं गं? आवाज असा का येतोय?"

"काही नाही मॅडम. सहज विचारलं."

"बाळ बरं आहे ना?"

"बरं आहे."

हेरंबला विचारावं लागलं नाही. मी फोन ठेवला तेव्हा तो परत त्या निळ्याकडे बघत होता. बाहेर मामा काहीतरी सांगत होते आणि आई मोकळेपणानं हसत होत्या. कितीतरी दिवसांनी.

एकच गोष्ट विचारायची राहिली होती.

"मी रोज येत होते ह्या खोलीत," मी म्हणाले. "चहा घेऊन. रेवूला घेऊन. मामांपासून लपलं, आईंपासून लपलं, ते ठीक. माझी भीती नाही वाटली तुला? मी वाचीन म्हणून?"

त्यानं खरोखर विचार केला. कपाळाला आठ्या घालून, प्रामाणिकपणे, वर्गात उत्तर आठवताना करायचा तसा.

"खरं सांगू?" तो म्हणाला. "तुला हे येतं, हे माझ्या डोक्यातच आलं नाही."

मला लागावं म्हणून बोलला असता तर मी काहीतरी बोलले असते. भांडले असते. पण त्याला ते लागण्यासारखं आहे हेही कळलं नव्हतं. तो नुसतं खरं सांगत होता. त्याच्या पुढ्यातली कळ मी बसवलेली, रंग मी लावलेले, पळणाऱ्या ओळींचा खेळ मी शिकवलेला, आणि त्या सगळ्याच्या आडोशाला बसून तो मला विसरला होता. आणि मी तरी काय वेगळं केलं होतं? तोही गेल्या दिवाळीपासून माझ्या समोर बुडत होता, आणि मी श्वास मोजत होते ते एकाच माणसाचे.

रेवू त्याच्याकडे झुकली. त्यानं हात पुढं केला नाही. मला वाटतं, त्याला ती दिसलीच नाही.

"वृंदा!" बाहेरून आईंचा आवाज आला. "अगं, त्याला काम करू दे. मामा निघतायत, पाया पडायला ये."

आणि पाठोपाठ त्यांची पावलं. गुडघ्यांमुळे त्या एक पाय जरा ओढत चालायच्या. घरात कुठंही असल्या तरी कळायचं. बैठकीतून निघाल्या. पाळण्यापाशी आल्या. दाराशी आल्या.

मी हेरंबकडे बघितलं. त्याचे दोन्ही हात मांडीवर होते, तळवे वर. ते हलत नव्हते. रिकामा निळा स्क्रीन त्याच्या चष्म्यात दिसत होता. त्याला आता काही लपवायचं उरलं नव्हतं, की लपवायचं बळ उरलं नव्हतं, कुणास ठाऊक. दार कुरकुरलं.

मी त्याच्या खांद्यावरून हात पुढं घातला आणि कळ दाबली.

काळी खिडकी सरसर खाली उतरली. मी लावून दिलेल्याच वेगानं. ओळी पळायला लागल्या. रेवूनं त्या हलणाऱ्या अक्षरांकडे बोट दाखवलं आणि खिदळली.

रेवा-पेटीतून-बाहेर. रेवा-पहिल्यांदा-घरी. रेवा-बारसं.

आई दारात उभ्या होत्या, पदरानं तोंड पुसत, सगळा चेहरा हसरा.

"चाललंय ना काम?" त्यांनी हळू आवाजात मला विचारलं. त्याला त्रास नको म्हणून.

"हो आई," मी म्हणाले. "जोरात."